तंबू, घडीचा निवारा आणि चाकांवरचे घर : कर्जत-खालापूर परिसराच्या संदर्भात फिरत्या निवाऱ्याचा तौलनिक इतिहास

प्रस्तावना :

घर म्हटले की स्थैर्याची कल्पना मनात येते. इतिहासलेखनातही वाडे, किल्ले, मंदिरे आणि नगररचना यांचा अभ्यास विपुल प्रमाणात झालेला दिसतो. मात्र माणसाने प्रवासात, मोहिमेवर, कामाच्या शोधात किंवा संकटकाळी जो निवारा बरोबर वागविला, त्याकडे त्या मानाने कमी लक्ष गेले आहे. याचे एक कारण उघड आहे. वाडा पडला तरी जोते उरते. तंबू उचलला की जमिनीवर खुंट्यांची छिद्रे उरतात आणि तीही पहिल्या पावसात बुजतात.

आज पर्यटनाच्या क्षेत्रात तंबू, घडी घालता येणारा निवारा आणि मोटारीमागे ओढली जाणारी फिरती खोली यांपैकी कोणता पर्याय सोयीचा, याची चर्चा होते. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण स्वीकारले, तेव्हा त्यात एका आसाच्या व दोन आसांच्या कॅराव्हॅनबरोबरच तंबू-ट्रेलर व घडीची कॅराव्हॅन या प्रकारांचाही उल्लेख करण्यात आला. म्हणजे ज्या तीन प्रकारांची तुलना हौशी प्रवासी करतात, ते तिन्ही प्रकार शासकीय धोरणातही आले आहेत. परंतु ही तुलना केवळ सोय, वजन आणि किंमत यांपुरती मर्यादित ठेवली तर तिचा ऐतिहासिक आशय हरवतो. प्रस्तुत लेखात रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत व खालापूर हे तालुके केंद्रस्थानी ठेवून या तीन प्रकारांचा विचार केला आहे.

लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
१. फिरत्या निवाऱ्याच्या तीन प्रकारांचे स्वरूप स्पष्ट करणे.
२. मराठेशाही, ब्रिटिश राजवट व स्वातंत्र्योत्तर काळ यांतील त्यांचा वापर तपासणे.
३. निवारा कोणी वापरला, कोणी वाहिला व कोणावर लादला गेला, या प्रश्नांच्या आधारे तुलना करणे.

प्रदेशाची पार्श्वभूमी :

मुंबई-कर्जत लोहमार्गावर वांगणी व नेरळ या स्थानकांच्या दरम्यान शेलू हे स्थानक आहे. उल्हास नदीचे खोरे, पूर्वेकडे सह्याद्रीची भिंत आणि पश्चिमेकडे माथेरानचा डोंगर अशी या गावाची भौगोलिक मांडणी आहे. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. त्यानंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले.

या भागातील निवाऱ्याचा कोणताही विचार पावसापासूनच सुरू करावा लागतो. माथेरानला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे येथे वर्षाचे दोन भाग पडतात : एक घरात राहण्याचा आणि दुसरा घराबाहेर पडण्याचा. फौजेची मोहीम, साहेबाचा दौरा, वीटभट्टीचा हंगाम आणि आजच्या पर्यटकाचा नदीकाठचा मुक्काम, या सर्वांचे वेळापत्रक मूलतः एकच आहे. दसरा-दिवाळीनंतर बाहेर पडावे आणि मृगाच्या आत परतावे.

तीन प्रकार :

पहिला प्रकार तंबूचा. कापड, काठ्या, दोऱ्या आणि खुंट्या ही त्याची चार अंगे. मराठीत त्यासाठी डेरा, राहुटी, पाल, शामियाना असे अनेक शब्द रूढ आहेत आणि त्यांतून आकाराबरोबर प्रतिष्ठेची उतरंडही सूचित होते. शामियान्यात दरबार भरतो, डेऱ्यात सरदार उतरतो, राहुटीत शिपाई राहतो आणि पालात फिरस्ता.

दुसरा प्रकार घडीच्या निवाऱ्याचा. यात सांगाडा किंवा भिंती तयार असतात. त्या उघडायच्या, उभ्या करायच्या आणि निघताना मिटायच्या. आधुनिक काळात चाकांवरच्या पेटीतून उलगडणारा तंबू या प्रकारात मोडतो. आपल्याकडील जवळचे उदाहरण म्हणजे ऊसतोड कामगारांची कोपी. बांबूच्या ताट्या गाडीतून नेऊन कारखान्याच्या तळावर कमानीसारख्या वाकवायच्या, त्यावर पाचट किंवा प्लास्टिकचा कागद टाकायचा आणि हंगाम संपला की गुंडाळायच्या, असे तिचे तंत्र आहे.

तिसरा प्रकार चाकांवरच्या घराचा. यात उभारणी नसते. युरोपात घोड्यांनी ओढायच्या हौशी कॅराव्हॅनची सुरुवात गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये बांधून घेतलेल्या ‘वाँडरर’ या गाडीपासून मानली जाते. पहिल्या महायुद्धानंतर मोटारीमागे ओढायची कॅराव्हॅन आली. हौसेचा भाग सोडला तर चाकांवर संसार ही गोष्ट भारतीयांना नवी नाही. राजस्थानातून निघून देशभर फिरणाऱ्या गाडी-लोहारांचे संपूर्ण बिऱ्हाड बैलगाडीतच असते.

मोहिमेचा तळ : जड आणि हलका

मुघल बादशहाचा तळ हे फिरत्या नगराचे उदाहरण होते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त नोंदविल्यानुसार बादशाही छावणी हलविण्यास १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाड्या आणि १०० हमाल लागत. सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी बर्निए सांगतो की, बादशहाजवळ तंबूंचे दोन संच असत; एक वापरात असताना दुसरा पुढील मुक्कामावर रवाना होई. बादशहाला प्रवासाचा त्रास होऊ नये म्हणून दुप्पट सामान आणि दुप्पट माणसे राबत. मालकाला सोय जितकी अधिक, तितके ओझे दुसऱ्याच्या खांद्यावर अधिक, हे सूत्र येथे प्रथम स्पष्टपणे दिसते.

याउलट शिवाजी महाराजांच्या लष्करी व्यवस्थेचे वर्णन सभासद बखरीत येते. पावसाळ्यात लष्कराने छावणीस राहावे, दसऱ्यास बाहेर पडावे आणि आठ महिने परमुलखात पोट भरावे, असा तो क्रम होता. लष्करात बायका, बटकी व कलावंतिणी नेण्यास मनाई होती. ही शिस्त नैतिक होती तशीच वाहतुकीचीही होती. जितके बिऱ्हाड कमी तितकी गती अधिक.

या दोन पद्धतींची गाठ खालापूर तालुक्यातच पडली. १६६१ मध्ये कारतलबखान मोठी फौज व सरंजाम घेऊन घाटावरून कोकणात उतरू लागला, तेव्हा उंबरखिंडीच्या अरुंद, झाडीभरल्या वाटेत शिवाजी महाराजांनी त्याला कोंडले. पुढे जाता येईना आणि मागे वळता येईना, अशा अवस्थेत खानाला शरण यावे लागले. रणनीती आणि भूगोल यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अशा वाटेवर जड तळ हा स्वतःच एक शत्रू ठरतो, हेही या प्रसंगावरून लक्षात येते.

पुढे ही शिस्त टिकली नाही. पानिपतच्या मोहिमेत लढवय्यांबरोबर बुणग्यांचा प्रचंड जमाव होता आणि अन्नटंचाईच्या काळात तो फौजेला भार झाला. १८०९ मध्ये दौलतराव शिंदे यांच्या छावणीत असलेल्या ब्रॉटन या इंग्रज अधिकाऱ्याची पत्रे १८१३ मध्ये प्रसिद्ध झाली. बिनीवाला पुढे जाऊन निशाणे रोवतो, त्यांवरून महाराजांची देवडी व बाजाराच्या रांगा ठरतात, असे वर्णन त्यांत आहे. जागा रोज बदलत असली तरी तळाचा आराखडा बदलत नव्हता. फिरत्या निवाऱ्यालाही नगररचना असते, याचा हा पुरावा होय.

साहेबाचा दौरा आणि माथेरान :

कंपनी सरकारच्या काळात तंबूचे कार्य बदलले. तो लढाईऐवजी महसुलाचे साधन झाला. हिवाळ्यात व उन्हाळ्यात कलेक्टर व त्याचे सहायक तंबूंसह गावोगाव फिरत, जमाबंदी तपासत, तक्रारी ऐकत. ‘कँप’ हा शब्द मराठीत रुळला तो या काळात. गावकऱ्यांच्या दृष्टीने साहेबाचा तळ पडणे म्हणजे गाड्या, लाकूडफाटा, दूध, कोंबड्या आणि वेठीची माणसे पुरविणे. बर्निएने पाहिलेली दोन संचांची पद्धतही अधिकाऱ्यांच्या दौऱ्यात लहान प्रमाणावर पुन्हा दिसते.

या परिसराचा इतिहास अशाच एका मुक्कामाने बदलला. मे १८५० मध्ये ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे आजच्या खालापूर तालुक्यातील चौक येथे मुक्कामी असताना माथेरानच्या डोंगरावर चढून गेले. त्याच वर्षाच्या अखेरीस ते पुन्हा वर गेले आणि पुढे तेथे वस्ती सुरू झाली. डोंगरावरील ठाकर, कातकरी व धनगरांना ही जागा पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. त्यामुळे ‘शोध’ हा शब्द जपूनच वापरावयास हवा. तंबूतील तात्पुरत्या मुक्कामाचे काही दशकांत बंगल्यांत रूपांतर झाले आणि १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाच्या पुढाकाराने नेरळ-माथेरान गाडी सुरू झाली.

याच काळात शेजारी दुसरा तळ पडला होता. १८५६ ते १८६३ या काळात भोर घाटाचा लोहमार्ग बांधला गेला. या चढणीवर २५ बोगदे खोदावे लागले आणि १८६१ च्या सुमारास कामावरील मजुरांची संख्या ४० हजारांपलीकडे गेली होती. एवढ्या माणसांनी डोंगरउतारावर तात्पुरत्या झोपड्यांत दिवस काढले आणि पटकीने त्यांतील असंख्य बळी घेतले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर अल्पावधीत मरण पावला आणि त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेलने, काम पुढे नेले, हे इतिहासात नोंदले गेले. झोपड्यांतील मजुरांची नावे मात्र नोंदली गेली नाहीत. एकाच तालुक्यात, एकाच दशकात, हवा खाण्यासाठीचा मुक्काम आणि पोटासाठीचा मुक्काम असे दोन तळ होते. कापड आणि गवत यांतील फरकापेक्षा येथे महत्त्वाचा फरक हा की, पहिल्यातील माणूस केव्हाही उठून जाऊ शकत होता.

संशयाचे पाल आणि सक्तीचा कँप :

ब्रिटिश राजवटीने फिरण्याचाच अर्थ बदलला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि १९११ च्या कायद्याने त्याची व्याप्ती वाढली. हजेरी, परवाना आणि तारेच्या कुंपणातील वसाहत ही त्याची साधने होती. सोलापूरची वसाहत यासाठी प्रसिद्ध आहे. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, परंतु गावाबाहेर पाल पडले की पोलीस पाटलाला वर्दी जाणे थांबले नाही. लक्ष्मण माने यांच्या ‘उपरा’ (१९८०) या आत्मकथनाने कैकाडी समाजाचे गाढवावरचे बिऱ्हाड मराठी वाचकांसमोर आणले, तेव्हा स्थिर समाजाला या जगाचा पहिला ठळक परिचय झाला. साहेबाचा तंबू म्हणजे सत्ता आणि फिरस्त्याचे पाल म्हणजे संशय, असे हे समीकरण होते. दोन्ही कापडाचेच.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ च्या साथरोग कायद्यानंतर विलगीकरणाचे कँप उभे राहिले. तेथे तात्पुरता निवारा हा सक्तीचा निवारा झाला. पुढील काळात साथ आली की संपूर्ण गाव रानात झोपड्या घालून राहू लागले. सरकारी सक्तीतून आलेला उपाय लोकांनी आपल्या सोयीने स्वीकारला, हा बदल लक्षणीय आहे. ज्या निवाऱ्याचे नियंत्रण स्वतःकडे आले, तो लोकांनी नाकारला नाही.

कातकऱ्यांचे स्थलांतर :

कर्जत-खालापूरच्या फिरत्या निवाऱ्याचा विचार कातकरी समाजाशिवाय अपूर्ण राहील. खैरापासून कात काढणारे म्हणून हे नाव पडले, असे मानले जाते. जंगलावरील सरकारी नियंत्रण वाढत गेले तसा कातेचा व्यवसाय संपला आणि हा समाज कोळसाभट्टी, वीटभट्टी व शेतमजुरीकडे वळला. आज महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींचा समावेश होतो.

कातकऱ्यांचे वाडीवरील घर कारवीच्या कुडाचे. पावसाळा तेथे काढायचा, मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर भट्टीवर जायचे, असा अनेक कुटुंबांचा क्रम राहिला आहे. भट्टीवरचा निवारा कच्च्या विटा रचून, वर पेंढा किंवा प्लास्टिक टाकून केलेला. तंत्राच्या दृष्टीने हा निवारा कोपीच्या जवळचा आहे : स्वस्त, झटपट आणि हंगामानंतर मोडणारा. परंतु उचल फिटेपर्यंत माणूस जागा सोडू शकत नाही. म्हणजे घर फिरते आणि माणूस बांधलेला, असा विरोधाभास येथे आढळतो. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने निषिद्ध झाली. तथापि १९७९ चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची सीमा ओलांडणाऱ्यांपुरता होता. कर्जतहून भिवंडीकडे भट्टीवर जाणारे कुटुंब त्याच्या कक्षेत येत नव्हते.

इर्शाळवाडी : चौकचा दुसरा मुक्काम

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळगडाच्या उतारावरील इर्शाळवाडी या ठाकर वाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह सापडले आणि ५७ जण बेपत्ता राहिले. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि ढिगारा उपसण्याचे काम मुख्यतः हातांनी करावे लागले. बचावलेल्या कुटुंबांची तात्पुरती सोय पायथ्याशी, चौक परिसरात, कंटेनर-घरांत करण्यात आली. नंतर सिडकोमार्फत त्यांच्यासाठी त्याच परिसरात कायमची घरे बांधण्यात आली.

मॅलेट यांच्या मुक्कामानंतर पावणेदोनशे वर्षांनी त्याच चौक गावाजवळ हा दुसरा तात्पुरता मुक्काम पडला. येथे तिन्ही प्रकारांची तुलना प्रत्यक्ष कसोटीला लागते. जुलैतील कोकणच्या पावसात तंबू टिकत नाही. घडीच्या कोपीला कोरडी जमीन लागते. कंटेनर भक्कम असतो, पाणी अडवितो, दार लावता येते. पण तो रस्ता संपतो तेथे थांबतो. म्हणून निवारा माणसांकडे जाऊ शकला नाही, माणसांनाच निवाऱ्याकडे खाली यावे लागले. किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपानंतरही पत्र्याच्या शेडमध्ये अनेक कुटुंबांनी दीर्घकाळ काढला होता. आपत्तीतील तात्पुरत्या निवाऱ्याची खरी परीक्षा तो किती लवकर उभा राहिला यापेक्षा तो किती लवकर सोडता आला, या प्रश्नाने होते.

पर्यटनाचा वर्तमान :

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्णपणे खुला झाल्यावर कर्जत-खालापूर हा दोन महानगरांच्या विश्रांतीचा प्रदेश बनला. उल्हास नदीकाठी तंबूंचे तळ, शेतघरे व कृषी पर्यटन केंद्रे उभी राहिली. तंत्राच्या निकषावर पाहता या परिसरात तंबूची सरशी होते. दोघांचा आधुनिक तंबू तीन-चार किलोंचा असतो आणि पाठपिशवीतून पेठच्या किल्ल्यापर्यंत जातो. घडीच्या ट्रेलरला आतील गाडीवाट पुरते, पण सपाट जागा लागते. कॅराव्हॅनला रुंद रस्ता, वळायला जागा, वीज व सांडपाण्याची सोय हवी. माथेरान २००३ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनक्षेत्र घोषित झाले असून खासगी मोटारींना दस्तुरी नाक्यापुढे जाता येत नाही. त्यामुळे चाकांवरचे घर तेथे पायथ्याच्या बाजूलाच थांबते. येथील भूगोल उंबरखिंडीपासून आजतागायत हलक्या सामानाचाच पक्षपाती राहिला आहे.

तथापि धोरणाचा प्रश्न याहून व्यापक आहे. कॅराव्हॅन धोरणात पर्यटकांच्या तळासाठी पाणी, वीज, रस्ता व स्वच्छतागृह या मूलभूत सोयी अपेक्षिल्या आहेत. काही रात्रींच्या मुक्कामासाठी आवश्यक ठरलेल्या याच सोयी, सहा-सात महिने भट्टीवर किंवा उसाच्या फडावर राहणाऱ्या कुटुंबांना अनेकदा मिळत नाहीत. शेलूच्या संदर्भात आणखी एक बाब नमूद करावीशी वाटते. मुंबईच्या गिरणी कामगारांना शेलू व वांगणी येथे घरे देण्याचा प्रस्ताव २०२४ पासून चर्चेत आला, तेव्हा कामगारांच्या संघटनांनी मुंबईतच घर हवे, असा आग्रह धरला. पक्के घरसुद्धा जागेच्या निवडीशिवाय आपले वाटत नाही, हा त्याचा अर्थ. मग तात्पुरत्या निवाऱ्याबाबत निवडीचा प्रश्न किती तीव्र असेल, याची कल्पना येते.

निष्कर्ष :

१. तंबू, घडीचा निवारा व चाकांवरचे घर यांची तुलना प्रदेशनिरपेक्ष होऊ शकत नाही. कर्जत-खालापूरमध्ये पाऊस, चढण व अरुंद वाटा हे निर्णायक घटक ठरतात.

२. निवारा जितका सुखकर, तितका तो वाहणाऱ्यांवरील भार अधिक, असे मुघल तळापासून कलेक्टरच्या दौऱ्यापर्यंत दिसते. मोटारीने हे ओझे माणसांच्या खांद्यावरून रस्ते, वीज व जमीन यांच्यावर टाकले; ते नाहीसे केले नाही.

३. एकाच प्रकारच्या निवाऱ्याला समाज वेगवेगळे अर्थ देतो. अधिकाऱ्याचा तंबू, फिरस्त्याचे पाल, प्लेगचा कँप व पर्यटकाची राहुटी यांत साहित्याचा फरक थोडा आणि निवडीच्या स्वातंत्र्याचा फरक मोठा आहे.

४. फिरत्या निवाऱ्यासाठी शासन जे निकष पर्यटनात लावते, तेच किमान निकष हंगामी कामगारांच्या तळांना लावणे हे इतिहासाच्या आधारे न्याय्य ठरते.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, असे आपण सहज म्हणतो. विंचू ते बिऱ्हाड हवे तेथे नेतो आणि हवे तेव्हा थांबवितो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांसाठी आपली महाविद्यालये दरवर्षी विद्यार्थ्यांना खेड्यात नेतात. अशा शिबिरांत जवळच्या वीटभट्टीवरील व फडावरील निवाऱ्यांची पद्धतशीर पाहणी हाती घेतली, तर स्थानिक इतिहासाच्या अभ्यासात मोलाची भर पडेल. जून उजाडला की हे निवारे मोडतात. म्हणून ही नोंद हंगाम चालू असतानाच करावी लागेल.